हंगामी उद्योगातील रोकडीचे नियोजन

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आंबापोळी किंवा कोकम आगळ तयार करणाऱ्या उद्योजकाचा पैसा एप्रिल-मे महिन्यांत फळे, साखर, बाटल्या आणि मजुरीवर एकदम खर्च होतो, मात्र विक्रीची वसुली पुढे कित्येक महिने तुकड्यातुकड्याने होत राहते. म्हणून नफ्याच्या आकड्याआधी बारा महिन्यांची आवक-जावक महिनावार लिहून काढावी आणि ज्या महिन्यांत तूट दिसेल, तेवढी रक्कम हंगामाआधीच बाजूला ठेवावी.

धंद्याचे खाते घरखर्चापासून वेगळे असावे व स्वतःलाही ठरावीक पगार घ्यावा. घरच्यांची मजुरी न धरता काढलेला भाव हा माझ्या मते भावच नव्हे.

उधारी हे खरे दुखणे आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी, विनाशुल्क होते, ती करून घ्यावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. ओळखीच्या दुकानदारापुढे कायदा काढणे अवघड वाटते, हे खरे; तरीही बिलावर मुदत छापलेली असली की बोलणे सोपे जाते.

मालसाठ्याची वही एखाद्या जाणत्या कामगार महिलेकडे सोपवावी आणि दर आठवड्याला तिच्यासोबत ती तपासावी.