गच्चीवर विमान ट्रॅकिंगचा नकाशा लावायचाय? आधी घरात एवढं करून घ्या

बहुतेक विमानं उडताना आपली जागा रेडिओवर सांगत असतात, ती गच्चीवर पकडून नकाशावर बघता येते. मुंबई ते नागपूर सरळ रेघ मारली तर ती जवळजवळ संभाजीनगरवरूनच जाते, अन् मुंबई-हैदराबादची धाराशिवच्या बाजूने, म्हणजे मराठवाड्यात बसून बघायला विमानं भरपूर आहेत. फक्त तयारी घरातच पूर्ण करा, वर उन्हात स्क्रीन दिसत नाही अन् एवढ्याशा मशीनवर कमांड टाईप करणं म्हणजे डोक्याला ताप.

मशीन म्हणून रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू हा छोटासा कॉम्प्युटर घ्या, खिशात मावतो, रॅम 512 एमबीच आहे पण या कामाला पुरते, नकाशा फोनच्या ब्राउझरमधे बघायचा. आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा रेडिओ लागेल, ते फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. झीरोला मोठं यूएसबी पोर्ट नसतं म्हणून डोंगल जोडायला मायक्रो यूएसबीचं ओटीजी अडॅप्टर आजच बॅगेत टाका, ऐनवेळी नेमकं तेच सापडत नाही. पॉवर बँकची केबल आखूड अन् जाड घ्या, बारीक केबलमधे व्होल्टेज पडतं अन् डोंगल मधेच गायब होतं.

अँटेना लई जण पूर्ण ओढून लांब करतात, तसं करू नका. विमानाचा सिग्नल 1090 मेगाहर्ट्झवर येतो, तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटीमीटर, त्याचा पाव भाग म्हणजे साधारण 6.9, मंग पट्टी लावून तेवढीच काडी बाहेर ठेवा अन् उभी ठेवा, आडवी नको.

मेमरी कार्ड लिहिताना इमेजरमधेच (कार्डवर सिस्टीम टाकणारा प्रोग्रॅम) फोनच्या हॉटस्पॉटचं नाव अन् पासवर्ड टाका, अन् एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून पायला कमांड द्यायची सोय) चालू करा. झीरो फक्त 2.4 गिगाहर्ट्झ ओळखतो, त्यामुळे फोनचा हॉटस्पॉट 5 वर असेल तर तो कधीच जोडला जाणार नाही, हे सेटिंग आधी बघा. मंग विमानांचे सिग्नल उलगडणारा रीड्सबी (readsb) प्रोग्रॅम टाका अन् नकाशासाठी टार1090 (tar1090).

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःचं लोकेशन. विमान आपली जागा पूर्ण आकड्यात सांगत नाही, कमी जागेत बसावी म्हणून ती आखडून सम अन् विषम अशा दोन प्रकारच्या मेसेजमधून पाठवतं, दोन्ही जुळले की जागा निघते. चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान मात्र तुमचं लोकेशन दिल्याशिवाय नीट बसवताच येत नाही. म्हणून नकाशावर आपल्या गच्चीवर बोट दाबून धरा, आकडे कॉपी करून रीड्सबीत टाका, आधी अक्षांश मंग रेखांश. संभाजीनगरचे साधारण 19.88 आणि 75.34 येतात, उलटे टाकले तर गच्ची थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते अन् अंतरं सगळी चुकतात.

नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं, रेंज नसलेल्या शेतात किंवा डोंगरावर जाणार असाल तर ऑफलाइन टाइल्स (नकाशाच्या चित्राचे तुकडे) आधी टाकून ठेवा, नाहीतर विमानं कोऱ्या पडद्यावर फिरतील. पायला स्वतःचं घड्याळही नसतं, नेट मिळालं नाही तर वेळ चुकीची राहते, तेव्हा एकदा हाताने लावा.

घरात खिडकीपाशी टेस्ट घ्या. यादीत विमानाचा कोड (प्रत्येक विमानाचा वेगळा असतो) दिसला पण नकाशावर विमान नाही, तर घाबरू नका, जागेचे मेसेज अजून आले नसतील. भारतीय विमानांचे बहुतेक कोड 80 ने सुरू होतात, ते दिसले की डोंगल नीट चालतंय समजा. विमानतळाजवळ राहत असाल तर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते सेटिंग) थोडा कमी करून बघा, जवळचा जोरदार सिग्नल डोंगलला झेपत नाही. 35 हजार फुटांवरचं विमान मोकळ्या क्षितिजावर चारशे किलोमीटरपर्यंत ऐकू येऊ शकतं, पण आपल्याकडे संभाजीनगरात साताऱ्याचा (शहरालगतच्या सातारा भागाचा) डोंगर अन् दौलताबादची बाजू आडवी येते, तिकडची विमानं उशिरा दिसली तर सेटिंगला हात लावू नका. काही हेलिकॉप्टर अन् लष्करी विमानं आपली जागा पाठवतच नाहीत, ती शोधत बसू नका.

एप्रिल-मेमधे पाय अन् डोंगलचा डबा सावलीत ठेवा, पत्र्यावर अजिबात नको, डोंगल मुळातच गरम होतं. वळवाचे ढग दिसले की अँटेना लगेच खाली उतरवा, आपल्याकडे विजा जीव घेतात, एका विमानासाठी गच्चीवर थांबू नका. अन् बंद करताना आधी शटडाऊनची कमांड द्या, हिरवा लाईट पूर्ण गेला की मगच केबल काढा, नाहीतर कार्ड खराब होतं अन् हे सगळं परत करावं लागतं.