चुनखडीतल्या बारीक जीवाश्मांवरून थराचं वय कसं काढायचं

आधी हे डोक्यात पक्कं ठेवा, जीवाश्म "इतकी वर्षं" असा आकडा देत नाही, कालखंड देतो, अन् तोही दोन-तीन जाती सोबत सापडल्या तरच नीट आवळता येतो.

मग बघा चुनखडी कोणत्या पाण्यातली आहे. आपल्या नागपुरात बरेच पोट्टे थेट फोरॅमिनिफेरा (कवचवाले एकपेशीय जीव, थोडक्यात फोरॅम) शोधत बसतात, पण ते बहुतेक समुद्रातले. नागपूरच्याच टाकळीचा लाव्हाच्या थरांमधला गाळ गोड्या पाण्यातला, तिथे ऑस्ट्रॅकॉडचे (दोन शिंपल्यांत राहणारे कोळंबीच्या गटातले बारीक जीव) शिंपले अन् कॅरोफाइट या पाण्यातल्या शेवाळाची बियांसारखी दिसणारी बारीक गोल फळं पाहायची. चंद्रपूरकडची सिमेंटवाली पैनगंगा चुनखडी तर कॅम्ब्रियन कालखंडाच्याही आधीची (५४ कोटी वर्षांहून जुनी), तिच्यात फोरॅम मिळणारच नाही.

नमुने खालून वर क्रमाने घ्या, वरची झिजलेली साल फोडून आतला ताजा तुकडा, प्रत्येकाची वेगळी पिशवी अन् थराचा नंबर लगेच लिहायचा, रूमवर येऊन नाही. मऊ, मातकट चुनखडी असेल तर बारीक तुकडे करून पातळ हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवा, सुटली की ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवा, वाळवा, मग मायक्रोस्कोपखाली ओल्या बारीक ब्रशने एकेक दाणा वेचा. दर नमुन्यानंतर चाळणी धुऊन मिथिलीन ब्लूमध्ये बुडवायची, म्हणजे अडकून राहिलेला जुना दाणा निळा होतो अन् पुढच्या नमुन्यात आला तरी ओळखू येतो, हे प्लीज टाळू नका. कडक चुनखडी धुऊन सुटत नाही, तिची ०.०३ मिमी जाडीची थिन सेक्शन (काचेवर चिकटवलेली, प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती) घासावी लागते. हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त खडक चुनखडी आहे का (फसफसतो का) ते तपासायला थेंबभर, नमुना त्यात टाकला तर कवचंच विरघळतात.

आता वय. समजा एक जात ७ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी होती, दुसरी ६.८ ते ६ कोटी, दोन्ही एकाच थरात सापडल्या तर थर ६.८ ते ६.६ कोटींमधला. ग्लोबोट्रंकाना हा फोरॅम ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास संपला, तो दिसला तर थर क्रिटेशस कालखंडाचा (जो तेव्हाच संपला), पण दाणा घासलेला किंवा वेगळ्या रंगाचा असेल तर जुन्या खडकातून वाहून आला असू शकतो, म्हणून वय सगळ्यात नवीन जातीवरून धरायचं. अन् एखादी जात सापडली नाही म्हणजे ती संपलीच होती असं लगेच लिहू नका, पाणीच तिच्या सोयीचं नसेल.

छिंदवाड्याजवळच्या झिलमिलीला लाव्हामधल्याच थरात सुरुवातीच्या डेनियनचे (क्रिटेशसनंतर लगेचचा काळ) तरंगते, म्हणजे समुद्रातले फोरॅम मिळालेत, त्यामुळे लाव्हातला प्रत्येक थर गोड्या पाण्याचाच असं आधीच ठरवून चाळणीवरचा गाळ फेकू नका.