जिताड्याची पिल्लं नकाशावर कशी आणायची

एम.एस्सी. झाल्यावर मी रायगडच्या खाडीकाठी एका मच्छीमार संस्थेच्या मदतीला लागले. किनाऱ्याच्या सरकारी आराखड्यावर आणि प्रकल्पांवर हरकत कशी घ्यायची, असं या कामात नव्याने येऊ पाहणाऱ्यांनी मला सारखं विचारलं, म्हणून लिहितेय.

आराखड्यावरची माझी पहिली हरकत चार पानांची होती. कांदळवनाचं महत्त्व, जैवविविधता, पुढच्या पिढ्या, सगळं त्यात होतं. उत्तर आलं दोन शब्दांचं: नोंद घेतली. गावातल्या एका जुन्या तांडेलांना, म्हणजे होडीच्या म्होरक्यांना, कागद वाचून दाखवला, तर ते म्हणाले, "पोरी, यात आमची खाडी कुठंय?" खरंच नव्हती. तोच कागद कुठल्याही किनाऱ्याला चालला असता.

मग त्यांच्या ओटीवर गावाचा मोठा नकाशा पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यांनी कोपऱ्यांवर पागाचं, म्हणजे फेकायच्या जाळ्याचं, शिसं ठेवलं. नकाशात सगळीकडे नुसता हिरवा पट्टा. तांडेल बोट फिरवत गेले: या नाल्यातून पावसाळ्यात जिताडा माशाची पिल्लं आत शिरतात, इथे बोय मिळते, ओहोटीला बायका या खडपावर कालवं काढतात. जिताडा खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात अंडी घालतो, पिल्लं कांदळवनाच्या आडोशाला वाढतात, हे मी पुस्तकात शिकले होते. नाला कोणता, हे त्यांना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट त्यांना सांगताना मलाच नव्याने कळली: जिताडा आधी नर असतो, मोठा झाल्यावर मादी होतो. आत वाढायला जागाच उरली नाही, तर अंडी घालणारी मादी येणार कुठून?

दुसऱ्या हरकतीत प्रत्येक जागेचा गट नंबर, महिना आणि मासा लिहिला. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेतच म्हटलं होतं की आराखड्यात मासेमारीची क्षेत्रं आणि माशांच्या प्रजननाच्या जागा स्पष्ट दाखवाव्यात; तिची जागा २०१९ मध्ये नव्या अधिसूचनेने घेतली. सध्या लागू असलेल्या अधिसूचनेत याबद्दल काय म्हटलंय ते बघा आणि हरकतीत पहिल्याच परिच्छेदात घ्या. कांदळवनाचा प्रश्न असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल जोडा. तो जनहित याचिकेतून आला आणि त्यात कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यालाही संरक्षण मिळालं.

प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तर २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश मराठीतही असावा लागतो. तो जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. पहिल्याच आठवड्यात जा. मुख्य अहवाल जाडजूड असतो. आधी माशांचं प्रकरण काढा आणि पाहणी कोणत्या महिन्यात केली ते बघा. उन्हाळ्यात पाहणी केली असेल, तर पावसाळी पिल्लं त्यात दिसणारच नाहीत. माझ्या मते एवढा एक मुद्दा दहा भाषणांपेक्षा जड आहे.

सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा सारांश मराठीत वाचून दाखवायचा असतो. तोवर गर्दी पांगलेली असते, तुम्ही मात्र उठू नका. आपला मुद्दा सुटला असेल, तर तिथेच उभं राहून घालायला लावा.

आणि कोळणींचं म्हणणं आधीच लिहून घ्या. सुनावणी अनेकदा सकाळी असते, त्या वेळी त्या बाजारात मासळी घेऊन बसलेल्या असतात. आम्ही आदल्या संध्याकाळी घरोघर जातो, त्या सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत उतरवतो, वाचून दाखवतो, मग सही किंवा अंगठा घेतो. दोन प्रती करतो. एक कार्यालयात, दुसरी पोचेच्या शिक्क्यासह परत त्यांच्याच हातात.