घरी फिंगर चिप्स आणि फ्रोजन पदार्थ तळताना

तळण बिघडते ते बहुतेक वेळा तेलामुळे नव्हे, तर पदार्थात किंवा त्याच्या अंगावर राहिलेल्या पाण्यामुळे. म्हणून कढई गॅसवर ठेवण्याआधीची तयारीच अधिक काळजीने करावी.

फिंगर चिप्ससाठी जुना, घट्ट बटाटा निवडावा. नव्या बटाट्यात पाणी अधिक असते. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण थंडीत त्यांतील स्टार्चची साखर होऊ लागते आणि मग चिप्स कुरकुरीत होण्याआधीच काळपट पडतात. साधारण १ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करून, पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, अर्धा तास थंड पाण्यात ठेवावेत आणि नंतर सुती पंचावर पसरून कोरडे करावेत. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेतच एवढा दमटपणा असतो की नुसते पसरलेले तुकडे सुकत नाहीत. ते पंख्याखाली ठेवून कोरड्या फडक्याने दोनदा टिपावेत. माझ्या मते चिप्सचे यश सर्वांत जास्त याच कामावर ठरते.

तळणे दोनदा करावे. पहिल्यांदा १५० ते १६० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेलात पाच-सहा मिनिटे, रंग न येऊ देता, तुकडे आतून मऊ होईपर्यंत तळून चाळणीत निथळत ठेवावेत. ते पूर्ण निवल्यावर १८० ते १९० अंशांवर दोन-तीन मिनिटांत सोनेरी करावेत. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर अंदाजावर विसंबावे लागत नाही. मीठ तळून झाल्यावरच भुरभुरावे.

फ्रोजन टिक्की, नगेट्स किंवा फ्राइज यांच्या पाकिटावर वेगळी सूचना नसेल, तर ते फ्रीजरमधून काढून थेट तळावेत. बाहेर ठेवून वितळू दिल्यास पाणी सुटते आणि आवरण सैल होते. त्यांच्यावरील बर्फाचे कण मात्र झटकून टाकावेत, कारण गरम तेलात पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १७०० पट वाढते आणि तेल उडते. एका वेळी मूठभरच पदार्थ सोडावा, नाहीतर तेल एकदम थंड होऊन पदार्थ तेलकट होतो. चिकनचे काही पदार्थ आवरणाखाली कच्चेच असतात. ते मध्यभागी ७४ अंशांपर्यंत शिजायला हवेत.

कढई अर्ध्याहून अधिक भरू नये आणि गरम तेल घेऊन ओट्यावरून हलवू नये; आपल्याकडच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरांत मागून कोणाचा धक्का लागेल हे सांगता येत नाही. तेलाने पेट घेतलाच, तर शक्य असल्यास गॅस बंद करून कढईवर धातूचे झाकण सरकवावे. पाणी कधीही ओतू नये. आग आवरत नसेल तर सर्वांनी बाहेर पडून १०१ क्रमांकावर फोन करावा.

उरलेले तेल निवल्यावर गाळून ठेवावे. ते चिकट झाले, त्यावर फेस येऊ लागला किंवा ते लवकर धुरावू लागले की टाकून द्यावे, पण सिंकमध्ये नव्हे, कारण त्याने इमारतीच्या सांडपाण्याच्या नळ्या तुंबतात; जुन्या बाटलीत भरून, बूच घट्ट लावून ते कचऱ्यात द्यावे.