‘मी असाच हाये’: मुलांना चित्रपुस्तक आपल्या बोलीत कसं वाचून दाखवावं

आमच्याकडे मूल पहिलीत गेलं की थोड्याच दिवसांत त्याला कळतं, घरी आपण बोलतो ते ‘चुकीचं’ आहे. ‘मला’ऐवजी वऱ्हाडीत ‘मले’ म्हटलं की वर्गात कोणीतरी फिसकन हसतं. मग ते पोरगं बोलायचंच कमी करतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी अंगणात मुलांना गोष्टी वाचून दाखवते, आणि गप्प झालेली अशी मुलं मला दरवर्षी भेटतात.

‘तू आहेस तसा चांगला आहेस’ असं सांगणारी चित्रपुस्तकं या मुलांसाठी फार कामाची आहेत. पण ‘तू आहेस तसा राहा’ हे आपण त्याला परक्या भाषेत सांगितलं, तर त्याच्यापर्यंत काय पोहोचणार? म्हणून पुस्तक निवडण्यापासून स्वतःचं पुस्तक शिवण्यापर्यंत सगळं आपल्या बोलीत कसं करायचं, ते लिहिते आहे. पाच ते नऊ वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवून.

आधी पुस्तक मिळवा

जिल्हा परिषद शाळेच्या कपाटात नॅशनल बुक ट्रस्टची पातळ, रंगीत पुस्तकं बऱ्याचदा असतात. फाटतील म्हणून ती कुलपात राहतात. गुरुजींना भेटा, आठवड्याला दोन मागा, आणि वेळेवर परत करा. दुसरा रस्ता मोबाइलचा. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेने 2015 साली ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथली मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात, आणि आपल्या बोलीत करून वाचायलाही परवानगी आहे. प्रत्येक पुस्तकावर 1 ते 4 अशी वाचनाची पातळी असते, 1 सगळ्यात सोपी. अंगणातल्या वाचनाला 1 आणि 2 पुरे. तालुक्याला गेलात की झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. मोबाइलच्या पडद्याभोवती दहा मुलं बसली की चित्र फक्त पुढच्या दोघांना दिसतं.

मग पारखून घ्या

इथे घाई करू नका. या विषयावरच्या पुष्कळ पुस्तकांचा साचा एकच असतो: एक प्राणी वेगळा, सगळे त्याला हसतात, मग संकट येतं, त्याच्या वेगळेपणामुळेच सगळे वाचतात, आणि मग तो सगळ्यांना आवडू लागतो. वाचायला गोड वाटतं. पण मुलाच्या मनात काय उतरतं? उपयोगी पडलास तरच तुला जागा आहे. ज्या पोरीचं वेगळेपण कोणाच्याच कामाचं नाही, तिने काय करायचं? मी अशी पुस्तकं अगदी टाकून देत नाही, पण सुरुवात त्यांनी करत नाही.

सुरुवातीला मी फर्डिनंड बैलाची गोष्ट घेते. अमेरिकेतल्या मन्रो लीफ यांनी ती लिहिली, रॉबर्ट लॉसन यांनी चित्रं काढली, आणि 1936 साली ती छापून आली. गोष्ट स्पेनमधली. बाकीची वासरं टकरा घेतात, फर्डिनंडला झाडाखाली बसून फुलं हुंगायला आवडतं. आईला आधी काळजी वाटते. मग तिच्या लक्षात येतं की हा एकटा असला तरी खुशीत आहे, आणि ती त्याला बसू देते. एकदा मधमाशी चावल्यामुळे तो उधळतो, लोकांना वाटतं हा केवढा मारका बैल, आणि त्याला झुंजीला नेतात. मैदानात तो खाली बसून बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेत राहतो. शेवटी त्याला घरी आणून सोडावं लागतं. तो काही जिंकत नाही आणि कोणाला वाचवतही नाही. परत झाडाखाली बसतो.

पोळ्याच्या आठवड्यात ही गोष्ट सांगितली, तेव्हा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, पाहिलेल्या एका मुलाने विचारलं, “थो बैल पयत काऊन नाही?” (तो बैल पळत का नाही?) मी उत्तर द्यायच्या आत मागून एक चिमुरडी म्हणाली, “त्याले पयाचंच नाही ना!” त्यावर तिसऱ्याने सांगितलं, “आमचा ढवया बी असाच हाये, बाबा त्याले पटात नेतच नाही.” गोष्ट पुस्तकातून निघून गोठ्यापर्यंत गेली होती.

चित्रंही बघून घ्या. सावळं मूल फक्त दुःखी किंवा गरीबच दाखवलं असेल, तर ते पुस्तक आमच्या अंगणात नको.

वाचताना

पुस्तक आधी एकटीने दोनदा वाचा, आणि छापील वाक्याच्या शेजारी पेन्सिलीने आपल्या बोलीतलं वाक्य लिहा. शाळेचं पुस्तक असेल तर चिठ्ठीवर लिहून पानात ठेवा. ‘त्याला खूप भीती वाटली’ याचं ‘त्याले लय भेव लागलं’ झालं की ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे झाडीबोलीत वाचा. घरी गोंडी, कोलामी किंवा कोरकू बोलली जात असेल आणि तुम्हाला ती येत नसेल, तर त्या घरच्या आजीला शेजारी बसवा; पानागणिक एक वाक्य तिला बोलू द्या. हे कमीपणाचं अजिबात नाही. मराठीतला आद्य चरित्रग्रंथ ‘लीळाचरित्र’ आपल्याच विदर्भातल्या ऋद्धिपूरला, साध्या माणसांच्या बोलीत लिहिला गेला.

दहापेक्षा जास्त मुलं घेऊ नका. अर्धगोल बसवा, पुस्तक छातीशी धरून पान त्यांच्याकडे ठेवा. आधी चित्र पाहू द्या, मग वाचा. चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रात असते, आणि ती मुलांना आपल्याआधी दिसते. पान उलटण्यापूर्वी थोडं थांबा.

संपल्यावर ‘यातून काय शिकलात?’ असं मात्र विचारू नका. तो प्रश्न आला की मुलं आपल्याला हवं ते उत्तर शोधतात, आणि ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप केला तीच निसटते. ‘कोनतं पान पुन्हा पाह्यचं?’ एवढंच विचारा.

काही आयांना धास्ती वाटते की अशाने पोर हट्टी होईल, शाळेची भाषा शिकणार नाही. शाळेची भाषा ती शिकतातच. बोलायला न घाबरणारं मूल ती लवकर शिकतं, हे मी पाहते आहे.

स्वतःचं पुस्तक शिवा

चार-पाच पुस्तकं वाचून झाली की मुलांना आपलं पुस्तक करू द्या. ए-फोर कागदाचे 4 ताव एकात एक ठेवून मधोमध दुमडले की 16 पानं होतात. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कव्हरला लावा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा. हे काम मोठ्यांनी करायचं. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत, आणि गाठ मारा.

रंग विकत आणायची गरज नाही. फाल्गुनात पळस फुललेला असतो. फुलं उकळली की केशरी पाणी मिळतं. हळदीचा पिवळा होतो, त्यात किंचित चुना घातला की लाल. चुना मोठ्यांनीच हाताळावा. काळ्यासाठी चुलीतला कोळसा.

प्रत्येक पानावर मुलाने स्वतःबद्दल एक खरं वाक्य सांगायचं आणि चित्र काढायचं. लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, पण शब्द त्याचाच, जसा उच्चारला तसा. ‘मले इहिरीत वाकून पाह्यले आवडते.’ ‘मी पोट्टा हाये पन मले रांगोयी काढाले आवडते.’ हे दुसरं वाक्य सांगताना तो मुलगा माझ्या कानाशी आला होता. ‘रांगोयी’चं ‘रांगोळी’ करायला हात शिवशिवतो. करू नका.

कव्हरवर मुलाचं पूर्ण नाव टाका. मग अंगणात दोन खांबांना सुतळी बांधून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी सगळी पुस्तकं लटकवा, मुलांचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर. पाऊस आला की ती आत नेण्याचं काम त्यांच्याकडेच द्या.