सीओटू मशीनचं सेटिंग: आधी वायर, मग व्होल्ट

शेडमध्ये सगळे ज्याला ‘सीओटू मशीन’ म्हणतात, ते मिग वेल्डरच, म्हणजे रिळावरची वायर सतत पुढे सरकवत ती वितळवून जोड भरणारं मशीन. त्याचे कामाचे नॉब दोन. वायर स्पीड वाढवला की करंट वाढतो, म्हणून काही मशीनवर त्या नॉबखाली थेट अँपिअरच छापलेले असतात. व्होल्टेजवर आर्कची (वायर आणि लोखंडामधल्या विजेच्या ज्योतीची) लांबी आणि बीडची (वेल्डच्या पट्ट्याची) रुंदी ठरते. दोन्ही नॉब एकदम फिरवले की काय सुधारलं आणि कशामुळे बिघडलं, याचा पत्ता लागत नाही. म्हणून एका वेळी एकच नॉब फिरवायचा.

नॉबला हात लावण्याआधी बाकीचं तपासा, कारण निम्म्या तक्रारी सेटिंगच्या नसतातच. ०.८ मिमी वायरला टॉर्चच्या (हातात धरायच्या गनच्या) तोंडाची टिप आणि वायर ढकलणाऱ्या रोलरचा गाळाही (खाचही) ०.८ चाच हवा. गॅसवर साधी सॉलिड वायर चालवताना टॉर्च पॉझिटिव्हला, अर्थ (लोखंडाला लावायची परतीची केबल) निगेटिव्हला. बिनगॅसच्या फ्लक्सकोअर (आत फ्लक्सची पावडर भरलेल्या) वायरला बहुतेक वेळा उलट. अर्थ क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावू नका, ग्राइंडरने घासलेल्या जागी लावा. रोलरचा दाब वायर घसरायची थांबेल इतकाच ठेवा. जास्त आवळला तर वायर चपटी होते, तिचा कीस लायनरमध्ये (वायर जाते त्या नळीत) साठतो आणि वायर अडखळत येते.

गॅस १० ते १२ लिटर प्रति मिनिट. पोरॉसिटी, म्हणजे वेल्डमध्ये बारीक भोकं (पीनहोल), दिसली की फ्लो २०-२५ वर नेणारे बरेच असतात, पण जोराच्या झोताबरोबर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पीनहोल वाढतात. त्यापेक्षा पंखा बंद करा, नोझलमध्ये चिकटलेला स्पॅटर (उडालेले धातूचे थेंब) काढा. सीओटूचा सिलिंडर उभाच ठेवा. सलग कामात रेग्युलेटरवर बर्फ धरत असेल तर हीटर चालू आहे का बघा.

आता आकडे. साध्या लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे साधारण ४० अँपिअर. म्हणजे ३ मिमी पट्टीला ११५ ते १२०. ०.८ वायरसाठी हा करंट मिनिटाला सुमारे ६ मीटर वायर स्पीडला मिळतो. नॉबवर फक्त १ ते १० लिहिलं असेल तर वायर मोजा: टॉर्च जॉबपासून (वेल्ड करायच्या लोखंडापासून) आणि चेहऱ्यापासून लांब धरून ६ सेकंद ट्रिगर दाबा. ६० सेंमी वायर निघाली तर मिनिटाला ६ मीटर. ट्रिगर दाबलेला असताना वायरमध्ये करंट असतो, तेवढं सांभाळा.

व्होल्टेजचा अंदाज असा: करंटला ०.०५ ने गुणा, त्यात १४ मिळवा. १२० अँपिअरला २० व्होल्ट. शुद्ध सीओटूवर हेच धरा. आरगॉन मिक्सवर (आरगॉन-सीओटू मिश्रणावर) एक-दीड व्होल्ट कमी. १.६ मिमी पत्र्याला ६५ अँपिअर आणि १७ च्या आसपास व्होल्ट.

पुढचं काम कानाचं. त्याच जाडीच्या भंगार पट्टीवर बीड मारा. टिपपासून जॉबपर्यंत वायर १० ते १२ मिमी बाहेर ठेवा. गरम तेलात भजी सोडल्यावर येते तशी सलग, बारीक तडतड ऐकू आली पाहिजे. वायर जॉबला टोचून टॉर्च मागे ढकलत असेल आणि बीड दोरीसारखा उंच बसत असेल, तर व्होल्टेज कमी आहे. अर्धा-अर्धा व्होल्ट वाढवत जा. उलट आवाज फसफस, थेंब मोठे, कडेला अंडरकट (बीडच्या काठाशी पडलेली खोबण) आणि वायर जळून टिपला चिकटते, तर व्होल्टेज जास्त. इंडक्टन्सचा (करंट किती झटकन चढतो ते ठरवणारा) नॉब असेल तर मध्यावर ठेवा. स्पॅटर फारच उडत असेल तर थोडा वाढवा.

सेटिंग तेच असताना बीड अचानक थंड पडला तर आधी हात बघा. टॉर्च मागे गेला, बाहेरची वायर २० मिमी झाली की करंट आपोआप उतरतो.

जाड मालावर मात्र कानावर विसंबू नका. ६ मिमी प्लेटवर १३० अँपिअरचा बीडही छान तडतडतो, दिसायलाही गुळगुळीत असतो, आणि नुसता वर चिकटलेला असतो. करंट वाढवा. मशीनची ताकद पुरत नसेल तर कडा तासून व्ही आकाराची खाच काढा आणि ती दोन-तीन पासमध्ये (थरांमध्ये) भरा.

खात्री करायला दोन तुकडे टी आकारात उभे धरा, एकाच बाजूने बीड मारा. गार झाल्यावर वेल्ड नसलेल्या बाजूकडून हातोड्याने ठोका, म्हणजे उभी पट्टी बीडवर दुमडेल. पट्टी वाकली आणि वेल्ड टिकलं, तर सेटिंग लागलं. बीड खपलीसारखा सुटला आणि खाली पट्टीची मूळ कड जशीच्या तशी दिसली, तर पेनिट्रेशन (वेल्ड लोखंडात खोल मुरणं) नाही. वायर स्पीड मिनिटाला अर्धा मीटर वाढवा, मग व्होल्टेज पुन्हा कानाने जुळवा आणि नवा टी ठोकून बघा.