पहिली टूरिंग कार मागवताय? आधी प्लग बघा

आधी जागा बघा, मग गाडी. रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक टूरिंग कार म्हणजे खऱ्या गाडीच्या १/१० मापाची, साधारण १९० मिलिमीटर रुंद आणि जमिनीपासून जेमतेम पाच-सहा मिलिमीटर वर धावणारी चीज. आपला सडा तिच्या कामाचा नाही, पाखाडी तर नाहीच, आणि घरासमोरच्या रस्त्यावरची खडी पहिल्याच फेरीत बंपर घेऊन जाईल. शाळेचं सिमेंटचं पटांगण, नवीन डांबर पडलेला आतला रस्ता, लग्न नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयाचं पार्किंग, यातलं काहीतरी हाताशी हवं. गुहागरचा किनारा ओहोटीला घट्ट नि सपाट दिसतो, मोह होतो. नको. ओली वाळू गिअरमध्ये शिरली की प्लास्टिकचे दात झिजतात आणि खारं पाणी बेअरिंगला लागलं की गंज बघायला फार थांबावं लागत नाही. किनाऱ्याशिवाय दुसरी जागाच नसेल तर सरळ बग्गी, म्हणजे खडबडीत जागेसाठीची गाडी, घ्या आणि पुढचं वाचू नका.

जागा असेल तर कागद-पेन घ्या. कोपऱ्यावर हॉबी शॉप नाही हे धरूनच यादी करायची. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, कुठेही मोबाइलचं सगळं मिळतं, पण या गाडीचं पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) किंवा प्लग मिळेल या भरवशावर राहू नका. मुंबई-पुण्याहून मागवायचं, आणि लिथियम बॅटरी पार्सलमध्ये असली की ते बहुधा रस्त्यानेच येतं, म्हणजे बाकीच्या सामानाच्या मागून. एक वस्तू विसरली की सगळा डाव तिथेच थांबतो.

गाडी कुठली? पहिलीसाठी टामियाची टीटी-०२. २०१३पासून बाजारात आहे, चारही चाकांना शाफ्टने ड्राइव्ह, सुटे भाग मुबलक. शाफ्टवर मी अडून बसतो, कारण बेल्टच्या रेस गाड्या बहुतेक उघड्या असतात आणि आपल्याकडे ऑक्टोबर ते मे जांभ्याची तांबडी धूळ सगळीकडे असते. रेसचं महाग किट (सुटे भाग, गाडी आपण जोडायची) स्वस्तात मिळतंय म्हणून उडी मारू नका. त्या खोक्यात बहुधा चाकं नसतात, टायर नसतात, बॉडी नाही, मोटर नाही, पिनियनसुद्धा नाही. टीटी-०२च्या किटमध्ये सहसा बॉडी, चाकं आणि ५४० मोटर असते, बऱ्याच किटमध्ये ईएससीही, म्हणजे मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारी डबी. ट्रान्समीटर (हातातला रिमोट), रिसीव्हर (गाडीतला), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर आणि बॉडीचा रंग वेगळा घ्यायचा. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात ‘वेगळं लागणारं सामान’ लिहिलेलं असतं, ते मोठ्याने वाचा.

आता प्लग. बाकी काही विसरलात तर चालेल, हे विसरू नका.

बॅटरीच्या टोकाला प्लग असतो, ईएससीच्या वायरला प्लग असतो, चार्जरच्या वायरला प्लग असतो, आणि तीन दुकानांतून तीन वस्तू घेतल्या की तिघांची तोंडं तीन दिशांना. किटमधल्या ईएससीला बहुधा पांढरा टामिया प्लग. हार्डकेस लायपोवर, म्हणजे कडक कवचाच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर, टी-प्लग, ज्याला डीन्स म्हणतात, नाहीतर पिवळा एक्सटी६०, नाहीतर निळा ईसी५, नाहीतर रेसवाल्यांची वायरच नसलेली बुलेट-छिद्रं. चार्जरला एक्सटी६० किंवा केळ्यासारख्या दोन पिना. माझी गाडी बांधून, रंगवून, टायर चिकटवून शोकेसमध्ये बसली होती ती एवढ्यासाठीच. मुंबईचा चुलतभाऊ गणपतीला खिशात प्लग घालून आला तेव्हा ती पहिल्यांदा फिरली.

म्हणून ऑर्डर देण्याआधी एकच प्रकार ठरवा. एक्सटी६० ठरवा, वाद नको. टामिया प्लग साध्या ब्रश मोटरला पुरतो, उद्या जास्त करंट ओढणारी ब्रशलेस टाकलीत तर तापतो. टी-प्लग चांगला आहे, पण सोल्डर करताना नवख्याचे हाल. कागदावर तीन नावं एकाखाली एक लिहा, बॅटरी, ईएससी, चार्जर, आणि प्रत्येकापुढे प्लगचा प्रकार. दुकानदाराला विचारा, फोटो मागवा. ‘हो, सगळ्यांना चालतो’ हे उत्तर धरू नका. तिन्ही जुळत नसतील तर एक्सटी६०च्या पाच-सहा जोड्या त्याच ऑर्डरमध्ये घाला. पुढच्या नाही, त्याच. मेल-फिमेल दोन्ही. बॅटरीच्या बाजूला फिमेल, म्हणजे धातू उघडा राहत नाही आणि खिशातल्या किल्लीने शॉर्ट होत नाही.

जोडायचा कसा तेही सांगतो. गावातल्या टीव्ही-दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर तो म्हणेल, ‘द्या इकडे, दोन मिनिटांत लावून देतो.’ त्याच्याकडचं २५ वॅटचं आयर्न रेडिओच्या सर्किटला ठीक आहे. ईएससीची वायर १२-१४ गेजची जाड, ती उष्णता पिऊन टाकते, सोल्डर वरवर गोळा होऊन बसतं आणि आत कोरडं राहतं. गाडी वळणावर बंद पडते आणि तुम्ही ट्रान्समीटरला शिव्या घालता. ६० वॅटचं, जाड टोकाचं आयर्न हवं. वायर आधी टिन करा, म्हणजे तिला सोल्डरचा थर द्या, प्लगची वाटी आधी भरा, मग दोन्ही एकत्र वितळवा. सोल्डर करताना प्लगमध्ये त्याचा जोडीदार घुसवून ठेवा, नाहीतर पिवळं प्लास्टिक मऊ होऊन पिन तिरकी होते. उष्णतेने आवळणारी नळी आधी वायरवर ओवा (नंतर आठवतेच, आणि नंतर ती जात नाही). आणि बॅटरीच्या दोन्ही वायर एकदम कापू नका. कात्री दोन्हींतून गेली की शॉर्ट. एक कापा, जोडा, झाका, मग दुसरी. लाल अधिकला, काळी उणेला. प्लगवर खूण कोरलेली असते, चष्मा लावून बघा. उलट जोडलंत तर ईएससी गेलाच.

बॅटरी. दोन सेलची लायपो, ७.४ व्होल्ट, ४००० ते ५००० एमएएच, हार्डकेस. ड्रोनची मऊ पाकिटं स्वस्त मिळतात, ती आपटणाऱ्या गाडीत घालू नका. नेहमीची हार्डकेस साधारण १३९ लांब, ४७ रुंद, २५ मिलिमीटर जाड असते, गाडीची जागा मोजून घ्या. आणि इथे एक खोच आहे. लायपो सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की त्याची तब्येत बिघडते, कधी फुगतो. चांगला ईएससी त्याआधीच गाडी मंद करतो. टामिया किटमधल्या टीबीएलई-०२एसला लायपोसाठीचा हा कटऑफ नाही, त्याला निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी द्या किंवा ईएससी बदला. हॉबीविंगच्या क्विकरन १०६०वर बॅटरीचा प्रकार निवडायला एक इवलासा जंपर, म्हणजे पिनांवर काढ-घाल करायची टोपी, आहे. तो लायपोवर आहे का हे बॅटरी लावण्याआधी बघा. (१०६० वेगवेगळ्या प्लगसह मिळतो. कोणता प्लग ते बघितलंत?) नाहीतर बॅलन्स वायरला (बॅटरीच्या सेलना जोडलेली बारीक वायर) लावायचा व्होल्टेज अलार्म घ्या. स्वस्त असतो, कर्कश ओरडतो, ते बरंच आहे.

चार्जर बॅलन्स करणाराच, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा. पाच हजारची बॅटरी १सीने, म्हणजे ५ अँपिअरने, चार्ज करायची तर ८.४ गुणिले ५, बेचाळीस वॅट लागतात. ५० वॅटचा पुरे. काही चार्जर फक्त १२ व्होल्ट डीसीवर चालतात, घरच्या सॉकेटसाठी त्यांना वेगळा पॉवर सप्लाय लागतो आणि ही गोष्ट जाहिरातीत कोणी ठळक लिहीत नाही. दोन्हीवर चालणारा घ्या. वारा सुटला की आपली वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टरच्या किंवा गाडीच्या बॅटरीवरून डीसी घेता येतं. चार्जिंग जांभ्याच्या चिऱ्यावर किंवा लादीवर, पडद्यांपासून लांब, माणूस समोर असताना. पलंगावर नको, रात्री लावून झोपायचं नाही. आणि चार्जरच्या टोकाला काय आहे, एक्सटी६० की पिना? पिना असतील तर एक जोडणी-वायर यादीत लिहा. आत्ता लिहा.

मोटर किटमधलीच ठेवा. ब्रशलेसची घाई नको, १३.५ टर्नवाली (टर्न म्हणजे मोटरमधल्या तारेचे वेढे) टाकली की पहिल्या रविवारीच कंपाउंडची भिंत भेटते. हौस फिटत नसेल तर १७.५ किंवा २१.५, तीही सेन्सरवाली. टर्न कमी तेवढा वेग जास्त, एवढं लक्षात ठेवा. पिनियन बदलणार असाल तर दातांची जात बघा. टामियाचं मॉड्यूल ०.६, रेस गाड्यांचं ४८ किंवा ६४ पिच. वेगळी जात लावली तर दात बसल्यासारखे वाटतात आणि स्पर गिअरचा, म्हणजे पिनियनने फिरणाऱ्या मोठ्या गिअरचा, भुगा होतो. टीटी-०२ला मुळात स्पर ७० दातांचा आणि पिनियन २२चं असतं, ते बरोबर आहे, राहू द्या. दोन गिअरमध्ये वहीच्या पानाची पट्टी फिरवून अंतर बसवा. पाच मिनिटं चालवून मोटरवर बोट ठेवा. ठेववत नसेल तर पिनियन एक-दोन दात लहान.

ट्रान्समीटर २.४ गिगाहर्ट्झचा, पिस्तुलासारखा. रिसीव्हर त्याच कंपनीचा, नाहीतर बोलणं होत नाही. फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडीने काय करायचं ते, ब्रेकवर ठेवा. सर्व्हो साध्या मापाचा, ५ ते १० किलो-सेंटिमीटर ताकदीचा भरपूर झाला. फक्त त्याच्या दांड्यावरचे दात मोजून घ्या, फुटाबाच्या जातीला २५, हायटेकला २४, सान्वाला २३. हीपण प्लगचीच बहीण.

बेअरिंग. किटमध्ये बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे बुश येतात, ते पहिल्याच बांधणीत काढून बॉल बेअरिंग बसवा, नंतर सगळी गाडी उघडावी लागते. टीटी-०२ला ५ बाय ११ची सोळा लागतात, सेट मिळतो. रबर सीलची घ्या. पत्र्याच्या झाकणातून आपली खारी हवा आत जाते. तेलाचा थेंब महिन्यातून एकदा.

टायर किटमधले कडक असतात, शिकायला उत्तम. घसरते तेव्हाच हात बसतो.

हत्यारं. टामियाचे स्क्रू जपानी जेआयएस खाचेचे. घरातला चारफुल्या स्क्रूड्रायव्हर त्यात बसतो, घसरतो, आणि डोकं गोल करून टाकतो. जेआयएसचा एक मध्यम घ्या. दीड आणि दोन मिलिमीटरच्या हेक्स किल्ल्या, वाकडी कात्री, बॉडीला छिद्र पाडायचा रीमर. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद. प्लास्टिकला ते लावू नका, आणि प्लास्टिकात पिळूही नका, आटे जातात. रंग पॉलीकार्बोनेटसाठीचाच, टामियाच्या पीएस मालिकेतला, बॉडीच्या आतून, आधी गडद मग फिका, पातळ हात. आधी भांडी धुण्याच्या साबणाने बॉडी धुवा. पावसाळ्यात रंगवू नका, दमट हवेत पांढुरकी झाक येते. झालं.

सुटे भाग: पुढचे सस्पेन्शन आर्म, बॉडी क्लिपा मूठभर, एक पिनियन, एक स्पर. बस.

ऑर्डर देण्याआधी तीन नावांचा तो कागद परत काढा आणि प्लग वाचा. घरच्यांना वाचून दाखवा. हसतील, हसू द्या.

पहिल्या दिवशी ट्रान्समीटर आधी, गाडी नंतर. बंद करताना गाडी आधी. चाकं वर उचलून थ्रॉटल तपासा, उलट फिरत असेल तर चॅनल रिव्हर्स करा. पोरांना आणि कुत्र्यांना लांब उभं करा. खेळून झालं की धूळ ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका. पावसाळ्याआधी बॅटरी सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून पत्र्याच्या डब्यात ठेवा, माळ्यावर नको, कौलांखाली मे महिन्यात भट्टी असते. फुगलेली बॅटरी परत चार्ज करू नका, कितीही नवी असली तरी.